चव्हाट्यावर उभं करणारा माणूस

१. मधली खोली

चाळीत दोन्ही बाजूंच्या खोल्या पेटल्या आणि मधली तेवढी वाचली, तर लोक पहिल्यांदा विचारतात, ही कशी काय वाचली? दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या स्वित्झर्लंडबद्दल वाचकांच्या मनात हाच प्रश्न येतो. उत्तरेला हिटलरचं जर्मनी, दक्षिणेला मुसोलिनीची इटली आणि मधे चाळीस लाख वस्तीचा हा डोंगराळ देश. तिथे हुकूमशहा का निपजला नाही? तिथल्या कुणाला तसं व्हावंसंच वाटलं नाही का?

वाटलं होतं. झुरिकमध्ये वाटलं, बर्नमध्ये वाटलं, आणि राष्ट्रसंघाचं मुख्यालय ज्या शहरात होतं त्या जिनिव्हातही वाटलं. मधल्या खोलीच्या भिंती तापल्या होत्या, आतलं काही सामान पेटलंही होतं. एका रात्री तर तेरा माणसं मेली. ती रात्र ज्याने बोलावलेल्या सभेमुळे आली, त्याचं नाव जॉर्ज ओल्त्रामार. गावातले लोक त्याला ‘जेओ’ म्हणत. त्याच्या आयुष्याच्या मागोमाग चालत गेलं, तर आपल्या प्रश्नाचं उत्तर हळूहळू हाती लागतं.

२. एका घरातले दोन भाऊ

जॉर्ज ओल्त्रामारचा जन्म १७ एप्रिल १८९६ रोजी जिनिव्हात झाला. घर जुन्या प्रोटेस्टंट वळणाचं आणि विद्वानांचं. वडील पॉल ओल्त्रामार जिनिव्हा विद्यापीठात लॅटिन आणि धर्मांचा इतिहास शिकवायचे. आपल्यासाठी या घराचं आणखी एक महत्त्व आहे. पॉल ओल्त्रामार यांनी भारतीय तत्त्वज्ञानावर फ्रेंचमध्ये दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. एक खंड ब्राह्मणी परंपरेवर, दुसरा बौद्ध परंपरेवर. उपनिषदं आणि बुद्धवचनं वाचणाऱ्या बापाच्या घरात हा मुलगा वाढला. संकुचित मनं अडाणी घरांतूनच येतात असं मानायची आपल्याला सवय असते; ती इथे बाजूला ठेवावी लागते.

थोरला भाऊ आंद्रे हाही लॅटिनचाच पंडित, पण राजकारणात समाजवादी. १९२४ ते १९२७ या काळात तो जिनिव्हाच्या सरकारात शिक्षण खातं सांभाळत होता. म्हणजे एकाच छपराखाली वाढलेल्या दोन भावांपैकी एक समाजवादी मंत्री झाला आणि दुसरा समाजवाद्यांचा कट्टर वैरी. भाषेवरची हुकमत दोघांनाही घरातूनच मिळालेली. धाकट्याने कायद्याचा अभ्यास केला, नाटकं लिहिली, आणि मग त्याला आपलं खरं हत्यार सापडलं: साप्ताहिक.

३. खोडा

१९२३ साली त्याने काढलेल्या साप्ताहिकाचं नाव होतं ‘ल पिलोरी’. हा फ्रेंच शब्द समजला की माणूस समजतो. जुन्या युरोपात गुन्हेगाराला भर बाजारात लाकडी खोड्यात अडकवून उभं करत. मान आणि हात फळीच्या भोकांत. येणारेजाणारे थुंकत, सडकी फळं मारत. अंगाला होणाऱ्या त्रासापेक्षा चारचौघांतली अप्रतिष्ठा ही खरी शिक्षा. त्या खोड्याला ‘पिलोरी’ म्हणतात. आपण मराठीत एखाद्याला ‘चव्हाट्यावर आणणं’ म्हणतो, त्यातला भाव तोच आहे.

तर हा माणूस दर आठवड्याला कुणाला तरी चव्हाट्यावर उभं करायचा. भ्रष्ट पुढारी, लबाड सावकार, सरकारी वशिलेबाजी, असे खरे विषयही त्यात असत, म्हणून लोक अंक विकत घेत. पण हळूहळू खोड्यात तीच ती माणसं दिसू लागली: ज्यू, फ्रीमेसन, परदेशी, डावे. फ्रीमेसन म्हणजे बंधुभाव मानणाऱ्या, आपापले विधी गुप्तपणे करणाऱ्या मंडळांचे सभासद. मंडळाची दारं बंद असल्यामुळे आत काय चालतं याबद्दल वाटेल ते लिहिता येत असे.

एक आकडा इथेच सांगतो. १९३० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये साधारण १८,००० ज्यू राहत होते. चाळीस लाखांत अठरा हजार म्हणजे दर हजारी साडेचार माणसं. हजार घरांच्या गावात चार-पाच घरं. एवढ्या थोड्या लोकांच्या मुठीत सगळा देश आहे, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं आणि वाचलंही गेलं. संख्या जितकी कमी, तितकी वाचकाची त्यांच्याशी प्रत्यक्ष ओळख कमी. आणि ओळख नसली की कोणतीही गोष्ट खपते.

४. लोक ऐकायला का आले?

नुसत्या लेखणीने पक्ष उभा राहत नाही. माणसाच्या मनात आधी भीती असावी लागते. जिनिव्हात ती दोन बाजूंनी आली.

पहिली भीती १९१८ ची. महायुद्ध संपत असताना नोव्हेंबर महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये देशव्यापी संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांच्या मागण्या आज वाचल्या तर साध्या वाटतात: आठवड्याला ४८ तासांचं काम, म्हाताऱ्यांसाठी विमा, स्त्रियांना मत, मतांच्या प्रमाणात जागा. पण वर्षापूर्वीच रशियात क्रांती झाली होती. दुकानदार, शेतकरी, घरमालक, पेढीवाले यांना वाटलं की आता आपला नंबर. सरकारने सैन्य आणलं, संप मोडला, पण मध्यमवर्गाच्या मनात ‘लाल’ हा शब्द कायमचा रुतून बसला.

दुसरी भीती पैशाची. १९२९ नंतरच्या मंदीत घड्याळांचे कारखाने थंडावले. १९३१ मध्ये खुद्द ‘बँक द जिनेव्ह’ बुडाली आणि त्यात राजकारण्यांचे हितसंबंध गुंतल्याचं बाहेर आलं. हे प्रकरण लावून धरणाऱ्यांत समाजवादी पुढारी लेओं निकोल पुढे होता. त्याची वाणी जळजळीत, आणि त्याचं ‘ल त्रावाय’ हे दैनिक कामगार वस्तीत घरोघर जायचं. खरं बघता बँकेच्या घोटाळ्यावर निकोल आणि ओल्त्रामार दोघेही चिडलेले होते. फरक पुढच्या वाक्यात पडत होता. निकोल म्हणे, दोष व्यवस्थेचा आहे. ओल्त्रामार म्हणे, दोष ‘त्या’ लोकांचा आहे.

अतिउजवा कुणाला म्हणायचं, हे इथून समजावून घेता येतं. नुसतं परंपरा जपणं, धंद्यावर कर कमी असावा म्हणणं, समाजवादाला विरोध करणं हे उजवं राजकारण झालं. लोकशाहीत त्याला जागा आहेच. अतिउजवा पुढे जाऊन तीन गोष्टी म्हणतो. देश एका जातकुळीच्या लोकांचा आहे. बाकीचे घरात शिरलेले परके आहेत. आणि निवडणुका, संसद, वादविवाद ही नसती कटकट आहे. एक खंबीर नेता हवा. ओल्त्रामार हे तिन्ही म्हणत होता. १९३० मध्ये त्याने स्वतःची छोटी संघटना काढली. १९३२ मध्ये ती व्यापारी मंडळींच्या एका गटाशी जोडली आणि ‘युनियाँ नासिओनाल’ म्हणजे ‘राष्ट्रीय एकजूट’ हा पक्ष जन्माला आला. अंगात करडे सदरे, रांगेत चालणं, नेत्याला सलामी. मुसोलिनीच्या शाळेतला धडा सरळ गिरवलेला होता.

५. ९ नोव्हेंबर १९३२

आता त्या रात्रीकडे येऊ. तिच्याबद्दल थोडं सावकाश सांगायला हवं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला जिनिव्हाच्या भिंतींवर ‘युनियाँ नासिओनाल’ची भित्तिपत्रकं लागली. ९ तारखेला रात्री प्लँपाले भागातल्या सार्वजनिक सभागृहात सभा. विषय: निकोल आणि डिकेर या दोघांवर जाहीर आरोपपत्र. जाक डिकेर हा निकोलचा सहकारी, व्यवसायाने वकील, रशियन साम्राज्यातून आलेला ज्यू. म्हणजे साप्ताहिकातला कागदी खोडा आता हाडामांसाच्या माणसांसाठी सभागृहात मांडला जाणार होता. आरोपी हजर नाहीत, वकील नाही, न्यायाधीश नाही. टाळ्या वाजवणारे तेवढे आत.

समाजवाद्यांनी सभेवर बंदी मागितली. पोलीस खात्याच्या मंत्र्याने, फ्रेदेरिक मार्तँने, नकार दिला. सभास्वातंत्र्य आहे म्हणाला. मग निकोलने आपल्या लोकांना बाहेर जमायची हाक दिली. सरकारला वाटलं, पोलीस पुरणार नाहीत. सैन्य मागवलं. पण आलं कोण? लोझानच्या छावणीतले शिकाऊ शिपाई. स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा प्रत्येक तरुणाला सक्तीचं लष्करी शिक्षण घ्यावं लागे. ही पोरं त्या शिक्षणाच्या सहाव्या आठवड्यात होती. विशीतली मुलं, सहा आठवड्यांची कवायत, डोक्याला लोखंडी टोप, हातात रायफल आणि त्यात खऱ्या गोळ्या.

रात्री नऊनंतर शंभरेक शिपायांची एक तुकडी गर्दीतून चालत नेण्यात आली. हा निर्णय कुठल्याही कसोटीवर चुकीचाच होता. गर्दीने काहींच्या रायफली हिसकावून जमिनीवर आपटल्या, टोप ओढले, शिव्या दिल्या, ‘आमच्यात या’ असंही ओरडले. तुकडी मागे सरकत प्रदर्शनगृहाच्या भिंतीला टेकली. मागे भिंत, समोर माणसं. अधिकाऱ्याने गोळीबाराचा हुकूम दिला. पोरांनी गोळ्या झाडल्या. बारा सेकंद.

तेरा माणसं मेली, पासष्ट जखमी झाली. पडलेल्यांत निदर्शक होते, तसेच गलका ऐकून थांबलेले बघेही होते. हे घडत असताना सभागृहात सभा चालूच होती.

याच वर्षी फेब्रुवारीत जगभरचे देश शस्त्रं कमी करण्याच्या परिषदेसाठी जिनिव्हात जमले होते. आणि त्याच्याही आधी, १९३१ च्या डिसेंबरमध्ये, गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी याच शहरातल्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये बोलून गेले होते. तिथल्या श्रोत्यांनी त्यांना सैन्याबद्दलच प्रश्न विचारले होते, कारण सक्तीची लष्करी सेवा हा तिथल्या घराघरातला विषय होता. त्या संध्याकाळी टाळ्या वाजवणाऱ्यांना अकरा महिन्यांनी काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढे खटला झाला, तो गोळ्या झाडणाऱ्यांवर किंवा हुकूम देणाऱ्यांवर नव्हे, निकोलवर. १९३३ च्या उन्हाळ्यात त्याला सहा महिन्यांची कैद झाली. जिनिव्हाच्या मतदारांनी या शिक्षेला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उत्तर दिलं. सात जणांच्या सरकारात चार समाजवादी निवडून आले आणि निकोल त्या सरकारचा प्रमुख झाला. ज्याला चव्हाट्यावर उभं करायचं होतं, तो खुर्चीवर जाऊन बसला.

६. शंभर मतांचं गणित

त्याच वर्षी ओल्त्रामारही निवडून आला, जिनिव्हाच्या विधानसभेत. स्वित्झर्लंडमधल्या प्रत्येक राज्याला ‘कँटन’ म्हणतात. जिनिव्हा हा एक कँटन, आणि त्याच्या विधानसभेत शंभर जागा. १९३९ पर्यंत तो तिथे होता. पक्षाला जास्तीत जास्त दहाच्या आसपास जागा मिळाल्या. का? इथे थोडं गणित करू.

आपल्याकडची पद्धत आठवा. एका मतदारसंघात तीन उमेदवार, मतं ३५, ३३ आणि ३२. जिंकला ३५ वाला. समजा हीच मतं शंभरही मतदारसंघांत पडली, तर ३५ टक्क्यांच्या पक्षाला शंभरच्या शंभर जागा, बाकीच्यांना भोपळा.

आता स्विस पद्धत. पक्ष याद्या देतात, मतांच्या प्रमाणात जागा वाटतात. त्याच मतांवर जागा होतील ३५, ३३ आणि ३२. दहा टक्के मतं मिळवणाऱ्यालाही दहा जागा. म्हणजे आत शिरणं सोपं, पण एकट्याने सगळं घर ताब्यात घेणं जवळजवळ अशक्य.

ओल्त्रामारसारख्याला या पद्धतीने दार उघडून दिलं, हे खरं. पण वर चढायला जिना दिला नाही. आणि वर तरी काय होतं? देशाचं सरकार सात जणांचं. पंतप्रधान नाही, अध्यक्षपद दर वर्षी या सातांत फिरतं. जानेवारी १९३३ मध्ये जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी हिटलरला चान्सलर नेमलं आणि एका खुर्चीतून बाकीचं सगळं त्याच्या हाती येत गेलं. स्विस सरकार बसतं त्या बर्नमध्ये तशी खुर्चीच नव्हती.

दुसरी अडचण भाषेची. झुरिकमध्ये ‘नॅशनल फ्रंट’ नावाचा जर्मनभाषक गट १९३३ च्या वसंतात इतका फोफावला की त्या हंगामाला ‘फ्रंटांचा वसंत’ असंच नाव पडलं. पण झुरिकचा जर्मन बाणा जिनिव्हाच्या फ्रेंचभाषकाला रुचेना आणि ओल्त्रामारची पॅरिसछाप भाषणं झुरिकला पोचेनात. एक वंश, एक भाषा, एक नेता ही घोषणा चार भाषांच्या देशात देताना पहिल्याच शब्दाला अडखळायला होतं. फ्रंटाला १९३५ मध्ये राष्ट्रीय संसदेत मिळालेली जागा फक्त एक, झुरिकच्या रोबेर्ट टोब्लरची.

१९३६ मध्ये मात्र ओल्त्रामारच्या मतांना भाव आला. निकोलचं सरकार पाडण्यासाठी जिनिव्हाचे उजवे पक्ष एकत्र आले, त्यांनी त्यालाही बरोबर घेतलं. समाजवादी हरले. काम झाल्यावर मोठ्या पक्षांना त्याची गरज उरली नाही आणि त्याचा पक्ष ओसरू लागला. सभ्य पक्षांनी त्याच्याशी हात मिळवला होता, ही नोंद मात्र मिटत नाही.

७. थेट जनतेला विचारलं तर?

स्वित्झर्लंडमध्ये नागरिकांना राज्यघटना बदलण्याची मागणी थेट मतदानाला नेता येते. त्या काळी त्यासाठी ५०,००० सह्या लागत. ‘संसद नको, जनतेला विचारा’ म्हणणाऱ्या अतिउजव्यांनी हा मार्गही वापरून पाहिला. दोनदा.

८ सप्टेंबर १९३५ रोजी प्रश्न होता: अख्खी राज्यघटना नव्याने लिहायची का? मागणी करणाऱ्यांत फ्रंट होते, कॅथलिक परंपरावादी तरुणही होते. दर शंभर मतांत सुमारे २८ ‘हो’, ७२ ‘नाही’. दुसऱ्यांदा २८ नोव्हेंबर १९३७ रोजी. कर्नल आर्तुर फोंजालाझ या मुसोलिनीभक्ताने फ्रीमेसन मंडळांवर बंदी मागितली होती. दर शंभरात ३१ ‘हो’, ६९ ‘नाही’. सगळ्या देशात फ्रिबूर या एकाच कँटनने ‘हो’ म्हटलं.

लोकांनी धोका ओळखला, असं म्हणून इथेच थांबावंसं वाटतं. पण दोन गोष्टी त्याच पानावर लिहायला हव्यात. शंभरात एकतीस म्हणजे जवळपास दर तिसरा पुरुष. पुरुषच, कारण त्या शंभरात बाई एकही नव्हती. देशपातळीवर स्विस स्त्रियांना मत मिळालं १९७१ मध्ये. आणि जनतेला थेट विचारलं की उत्तर नेहमी उदारच येतं असंही नाही. याच देशात १८९३ साली अशा मागणीवर झालेलं पहिलंच मतदान ज्यूंच्या धार्मिक पद्धतीने जनावर कापण्यावर बंदी घालण्याचं होतं, आणि ते मंजूर झालं होतं. ओल्त्रामारने द्वेषाचं बी बाहेरून आणलं नाही. जमीन भिजलेली होती.

मतदानाने अतिउजवे हरले, तरी त्यांच्या तोंडची भीती सरकारी कचेऱ्यांत वेगळ्या, सभ्य भाषेत शिल्लक राहिली. १९३८ मध्ये जर्मनीशी झालेल्या समझोत्यानंतर जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर ‘जे’ अक्षराचा शिक्का पडू लागला, म्हणजे स्विस सीमेवर ते लगेच ओळखू यावेत. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तर सीमा जवळजवळ बंद झाली आणि जीव वाचवायला आलेल्या हजारोंना परत पाठवलं गेलं. हे करणारे करडे सदरेवाले नव्हते. रीतसर निवडून आलेले, नेमलेले, मवाळ चेहऱ्याचे लोक होते. मधली खोली वाचली म्हणताना दाराबाहेर उभ्या असलेल्या या माणसांचा हिशेबही धरावा लागतो.

८. पॅरिसचा मायक्रोफोन

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. जिनिव्हात उतरती कळा लागलेल्या ओल्त्रामारने पॅरिस गाठलं. जर्मनीचा तिथला प्रतिनिधी ओटो आबेट्झ याला फ्रेंच लिहिणारे-बोलणारे लोक हवेच होते. ओल्त्रामारने नाव बदललं, शार्ल दिय्यदोने, आणि ‘ला फ्रांस ओ त्रावाय’ हे जर्मन पैशावर चालणारं दैनिक हाती घेतलं. कम्युनिस्टांच्या ‘ल्युमानिते’चे कामगार वाचक ओढून घ्यावेत म्हणून ते काढलं होतं. आयुष्यभर कामगार पुढाऱ्यांना झोडपणारा माणूस आता कामगारांना भुलवायला बसला होता. भूमिका बदलली नव्हती, मालक बदलला होता.

मग रेडिओ-पॅरिस. ‘एक तटस्थ तुमच्याशी बोलतोय’ अशा अर्थाचं त्याच्या एका कार्यक्रमाचं नाव होतं. स्विस असण्याची पुण्याई त्याने अशी वापरली. ‘फ्रान्सविरुद्ध ज्यू’ अशा आशयाचा दुसरा कार्यक्रमही त्याच्याशी जोडलेला होता. हे ध्यानात घ्या की याच वर्षांत त्याच शहरातून ज्यू कुटुंबांना पकडून पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे धाडलं जात होतं. जिनिव्हाच्या खोड्यात उभं केलेल्याला निदान घरी परत जाता येत होतं.

९. परत

१९४४ मध्ये जर्मनांबरोबर पळालेला ओल्त्रामार युद्ध संपताना स्वित्झर्लंडमध्ये आला आणि पकडला गेला. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये देशाच्या सर्वोच्च फौजदारी न्यायासनाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली. १९५० मध्ये फ्रान्सने त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड फर्मावला. पण स्वित्झर्लंड आपला नागरिक परक्या देशाच्या हवाली करत नाही, त्यामुळे तो कागदावरच राहिला. १९५६ साली त्याने आठवणींचं पुस्तक छापलं. नावाचा अर्थ साधारण असा की आठवणीच आमच्या वतीने सूड घेतात. साठ वर्षांच्या त्या माणसाला अजूनही सूडच हवा होता.

१६ ऑगस्ट १९६० रोजी तो जिनिव्हात वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये जिनिव्हा कँटनच्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला होता. १९१८ च्या संपात कामगारांनी मागितलेल्या गोष्टींपैकी ती एक.

प्लँपालेच्या मोकळ्या मैदानाच्या टोकाला १९८२ मध्ये, त्या रात्रीला पन्नास वर्षं झाल्यावर, एक दगड उभा केला गेला. तिथे दर आठवड्याला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, ट्रामा जातात, विद्यार्थी बसतात. तो दगड येणाऱ्याजाणाऱ्याला त्या रात्रीच्या मेलेल्यांची व जखमींची आठवण करून देतो. तेरा आणि पासष्ट.